दरसालची सर्दी की गाजरगवताची शिंक?

वर्षावासाचे दोन महिने सरले, पावसाने उघडीप दिली आणि दुपारचे ऊन चटका देऊ लागले, की आपल्या वस्त्यांतून पहाटेपासून शिंकांचा सपाटा सुरू होतो. एक नाही, दोन नाही, एका दमात दहा-दहा, पंधरा-पंधरा! पत्र्याला पत्रा लागून घरे असल्याने कोणाकडे किती शिंका झाल्या हे शेजारच्यांना मोजता येते. नाकातून पाणी गळते, डोळे लाल होऊन चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते आणि रात्री नाक चोंदल्याने तोंड उघडे टाकून झोपावे लागते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "सर्दी झालीय, दोन दिवसांत जाईल." दोन दिवस जातात, दोन आठवडे जातात, धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन जातो, तरी सर्दी आहे तिथेच. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच महिन्यात हजर.

भगिनींनो, बांधवांनो, ही सर्दी नव्हे. फुलांतून उडणाऱ्या बारीक परागाची ही ॲलर्जी आहे. डॉक्टर तिला 'ॲलर्जिक ऱ्हायनायटिस' म्हणतात आणि बोलीभाषेत 'हे फीव्हर' म्हणतात. इंग्रजीत 'हे' म्हणजे कापून वाळवलेले गवत व फीव्हर म्हणजे ताप. प्रत्यक्षात या दुखण्यात ताप नसतो आणि वाळक्या गवताशीही त्याचा थेट संबंध नसतो. लंडनच्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने १८१९ साली स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या या त्रासाची हकीकत वैद्यांच्या सभेपुढे मांडली. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी फुलांचे पराग स्वतःच्याच नाकात घालून पाहिले आणि दोष परागाचा आहे हे १८७३ साली पुस्तक लिहून दाखवून दिले. नाव मात्र जुनेच राहिले. विलायतेत हा त्रास गवताच्या फुलोऱ्याने होतो. आपल्याकडेही गवते, विलायती बाभूळ, काही झाडे आहेतच. परंतु आपल्या वस्तीच्या कडेला, नाल्याकाठी, रेल्वेच्या रुळांलगत, शाळेच्या कुंपणाला आणि पडीक प्लॉटवर कमरेइतके वाढते ते गाजरगवत. मोठ्या दोषींमध्ये त्याचा नंबर वरचा आहे.

हे गवत आले कोठून?

पाने गाजरासारखी म्हणून गाजरगवत. पांढऱ्या टोपीसारखी फुले म्हणून काँग्रेस गवत. काही भागांत चटकचांदणी. नावात गवत असले तरी हे गवत नव्हे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातले हे झुडूप असून मूळचे अमेरिका खंडातले आहे. आपल्या देशात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. जुनी माणसे सांगतात, "मिलोबरोबर आलं." पुस्तकी माणसे सांगतात, अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर आले. आता आमच्यासारख्या कारकुनाला तारखा जुळवून पाहण्याची खोड असते. भारताचा पी.एल. ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे, आणि गवत तर त्याआधीच पुण्यात दिसले होते. त्यापूर्वीही, १९५१ पासून, अमेरिकेचा गहू कर्जाने येतच होता. तेव्हा परदेशी धान्यातून बी आले असेल हे पटते. एकाच योजनेवर सारा दोष टाकता येत नाही इतकेच. असो. रेशनचा गहू खाऊन संपला, त्याच्या आडून आलेले बी मात्र काही संपले नाही.

संपेल तरी कसे? एका रोपापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया होतात. पहिल्या पावसाला उगवते, महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते, आणि ओल असेल तर वर्षभरात त्याच्या दोन-तीन पिढ्या होतात. जनावर सहसा तोंड लावत नाही, आणि भुकेपोटी लावलेच तर दूध कडू होते. पराग वाऱ्याने उडतो, आणि कोरडी हवा व वारा असेल तेव्हा जास्तच. म्हणूनच संततधार असताना नाकाला जरा उसंत मिळते व उघडीप पडली की त्रास उसळतो. बंगळूर व आसपासच्या भागात अभ्यासकांनी पाहणी केली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. तीत शंभरातल्या सुमारे सात माणसांना या एकाच झाडाच्या परागाने नाकाचा त्रास होत असल्याचे आढळले. दोनशे घरांच्या वस्तीत हजार माणसे धरली, तर हिशोब तुम्हीच करा. आपल्याकडे आकडा नेमका तेवढाच असेल असे नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नसेल.

एकाला होते, दुसऱ्याला होत नाही, असे का? शरीरात रोगजंतूंवर नजर ठेवणारा एक पहारा असतो. काही माणसांत हा पहारा चुकीने परागालाच शत्रू समजतो. पहिल्या एक-दोन मोसमांत तो केवळ ओळख करून घेतो, पुढे पराग नाकात शिरताच 'हिस्टामिन' नावाचे द्रव्य सोडतो. खाज, पाणी, सूज, शिंका हे सारे त्या हिस्टामिनचे काम. ही प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यात असते. आईला दमा, मुलाला शिंका, मुलीला अंगावर चट्टे, असे एकाच घरात दिसते. यात कोणाची नजर नाही, बाहेरची बाधा नाही की मागच्या कशाची फळे नाहीत. आणि हा संसर्गही नाही. २०२० साली कोरोनाच्या काळात अशा शिंकणाऱ्या लेकरांना नळावर उभे राहू देत नव्हते, ते आम्ही पाहिले आहे. ॲलर्जीची शिंक दुसऱ्याला लागत नाही.

सर्दी आणि ॲलर्जी ओळखण्याची खूण सोपी आहे. सर्दी-पडशात अंग मोडून येते, कधी कसर येते, शेंबूड घट्ट व पिवळा होतो, आणि आठ-दहा दिवसांत माणूस बरा होतो. ॲलर्जीत खाज मुख्य. नाकाला, डोळ्याला, टाळूला, कानाच्या आतसुद्धा. पाणी पातळ, ताप नाही, आणि आठवडेच्या आठवडे चालते. लहान मूल तळहाताने नाक खालून वर चोळत राहते, त्याच्या नाकावर आडवी रेघ पडते, डोळ्यांखाली काळे दिसते. अशा मुलाला मास्तर म्हणतात, "वर्गात पेंगतो, लक्ष नाही." बिचारे रात्रभर नाक चोंदल्याने झोपलेलेच नसते! सहामाही परीक्षा नेमकी याच दिवसांत येते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

सुईचा मोह

आमच्या वस्तीतील एक ताई निंदणी-खुरपणीला आणि कधी सफाईच्या ठेक्यावर जातात. सप्टेंबर लागला की त्यांचे नाक सुरू, मनगटावर व मानेवर काळसर खाजरे चट्टे, डोळे सुजलेले. त्या एका खाजगी दवाखान्यात जात. तिथे एक सुई मिळे. सुई घेतली की दुसऱ्या दिवशी सारे बंद! तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू, पुन्हा सुई. ताई म्हणायच्या, "दादा, सुईला गुण आहे बघा." एका मोसमाचा त्यांचा हिशोब आम्ही वहीवर मांडला. चार सुया, प्रत्येकी दोनशे, म्हणजे आठशे. त्रासामुळे बुडालेली नऊ दिवसांची रोजी, तीनशेप्रमाणे सत्ताविसशे. एकूण साडेतीन हजार रुपये, हाती कागद नाही, चिठ्ठी नाही. तिसऱ्या वर्षी सरकारी दवाखान्यात तपासले तेव्हा साखर व रक्तदाब दोन्ही वाढलेले निघाले. ते केवळ सुयांमुळेच, असे डॉक्टरीणबाईंनी ठामपणे सांगितले नाही, पण सुया ताबडतोब बंद करायला लावल्या.

ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. जिवावर बेतते तेव्हा तेच माणसाला वाचवते. पण शिंकांसाठी दर महिन्याला ते दंडात टोचून घेणे म्हणजे घरातला डास मारायला घराला आग लावणे होय. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतूंशी लढण्याची शक्ती कमी होते. कोणीही सुई पुढे केली तर विचारा, "यात काय आहे? चिठ्ठीवर नाव लिहून द्या." नाव लिहून देण्यास जो कचरतो त्याच्याकडे दंड पुढे करू नका.

मग घ्यायचे काय? प्रथम सरकारी दवाखान्यात अगर पदवीधर डॉक्टरला दाखवून दुखणे हेच आहे याची खात्री करावी. साध्या त्रासाला सेटिरिझिन किंवा लोराटाडिन यांसारखी गोळी दिवसातून एकदा पुरते. जनऔषधी केंद्रात सेटिरिझिनच्या दहा गोळ्या दोन कप चहाच्या पैशांत येतात. कंपनीचे मोठे नाव नसले तरी औषध तेच. काही जणांना सेटिरिझिनने थोडी गुंगी येते म्हणून ती रात्री घ्यावी. जुन्या पद्धतीच्या 'सर्दीच्या गोळी'ने, जिच्यात क्लोरफेनिरामिन असते, झापड जास्त येते. रिक्षा चालवणारे, प्रेस मशीनवर हात घालणारे, पराती-बांबूंवर चढणारे यांनी ती गोळी घेऊन कामावर जाऊ नये. गरोदर भगिनींनी आणि लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याखेरीज काहीच घेऊ नये.

ज्यांचे नाक दर मोसमात पार बंद होते, झोप उडते, त्यांच्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा असतो. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड अशी नावे असतात. स्टेरॉइड म्हटल्यावर वर लिहिलेले आठवून दचकू नका. सुईचे औषध सर्वांगात पसरते, फवाऱ्याचे अगदी थोडे औषध नाकातच काम करते. नाकासाठी हा उपाय गोळीपेक्षा सरस आहे. मात्र आपले लोक तो दोन दिवस मारतात, गुण दिसत नाही म्हणून फळीवर टाकून देतात. त्याचा पुरता गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, आणि रोज मारावा लागतो. मारण्याची रीतही आहे. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला. जोरात ओढू नये, नाहीतर औषध घशात उतरते. पडद्यावर मारले तर नाकातून रक्त येते. ज्यांना त्रासाचा महिना ठाऊक आहे त्यांनी डॉक्टरच्या सल्ल्याने दोन आठवडे अगोदरच सुरुवात करावी. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

याउलट मेडिकलमध्ये सहज मिळणारे 'नाक मोकळे करायचे ड्रॉप' मिनिटात नाक उघडतात, म्हणून लोकप्रिय. पाच दिवसांपलीकडे ते घालू नयेत. सवय लागते, आणि मग ड्रॉपमुळेच नाक चोंदू लागते. अशी वर्षानुवर्षे खिशात ड्रॉपची बाटली घेऊन फिरणारी माणसे आमच्या कचेरीतही आहेत.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ व चिमूटभर खायचा सोडा. नळाचे वा बोअरचे कच्चे पाणी नाकात कदापि घेऊ नये. वाफेने मोठ्या माणसाला तात्पुरते बरे वाटते, पण उकळत्या पातेल्यावर लेकराला धरू नका, पाणी सांडून भाजते. हळद-दूध प्यायचे तर प्या, त्याने ॲलर्जी जाईल या भरवशावर गोळी सोडू नका.

दहा बाय दहाच्या खोलीत

वर्तमानपत्रांतून सल्ला येतो, परागाच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, एसी लावा. ज्यांच्या खोलीत चूल-स्टोव्ह, सहा माणसे आणि एकच झरोका, त्यांनी तो बंद करून धूर कोंडावा काय? नाही. आपल्या घराला जमेल ते करावे. बाहेरून कामावरून आल्यावर साडी वा शर्ट दाराशीच बदलावा, अंथरुणावर त्याच कपड्यांनी बसू नये. झोपण्यापूर्वी हातपाय, तोंड, डोळे धुवावेत, आणि केसांत दिवसभराचा पराग अडकतो म्हणून निदान ओल्या फडक्याने ते पुसावेत. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओले फडके मारावे. गोधड्या-चादरी गाजरगवताच्या कडेच्या दोरीवर वाळत घालू नयेत. कामावर जाताना नाकातोंडाला ओढणी, पंचा किंवा मास्क, आणि डोळ्यांना साधा चष्मा. अगरबत्ती, डासांची कॉइल, विडीचा धूर यांनी चिघळलेले नाक अधिक चिघळते. वंदनेच्या वेळी घरात असा रुग्ण असेल तर मेणबत्ती व फुले पुरेत, अगरबत्तीचा पुडा त्या दोन महिन्यांत बाजूला ठेवावा. फुलांतही शेवंती गाजरगवताच्या कुळातली आहे. हाताला चट्टे येणाऱ्या काहींना तिचाही त्रास होतो, तेव्हा हार ओवताना लक्ष ठेवावे. नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनी गोळ्या आणि फवारा पिशवीत घ्यावा, कारण ऑक्टोबरचा तो ऐन मोसम आणि मुक्काम उघड्यावर असतो.

एक गोष्ट कधीही अंगावर काढू नये. नाकाच्या जोडीला छातीत सूं-सूं वाजणे, रात्री खोकल्याने उठून बसणे, दादर चढताना धाप लागणे सुरू झाले तर ती दम्याची चाहूल असते. नाक आणि छाती ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. पंपाची, म्हणजे इन्हेलरची, सवय लागते हा आपल्यात पसरलेला मोठा गैरसमज आहे, आणि मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून पंप लपवणारी घरे आम्हाला माहीत आहेत. पंपातून औषध थेट छातीत जाते, म्हणून ते गोळीपेक्षा कमी लागते. बोलताना एक वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

उपटायचे कधी, उपटायचे कोणी?

गोळ्या खाऊन नाक सांभाळता येते, पण दाराशी कमरेइतके गवत उभे असताना किती वर्षे सांभाळणार? ते काढायचे तर फुलावर येण्यापूर्वी, पावसाने माती मऊ असताना, मुळासकट. म्हणजे जून अखेर ते जुलै, आणि पुन्हा एक हात ऑगस्टमध्ये. फूल नसलेले गवत खड्ड्यात कुजवून खत होते. फुललेले मात्र झोडपू नये, वाळवून जाळूही नये, त्याने पराग व धूर साऱ्या वस्तीला मिळतो. हातात रबरी मोजे, नसल्यास निदान जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, बाह्या लांब असाव्यात. त्याच्या रसातील 'पार्थेनिन' कातडीला बाधते, आणि हा चट्ट्यांचा आजार एकदा जडला की वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी या कामाला हात लावू नये.

पानांवर पिवळसर, तपकिरी रेघांचे लहान भुंगे दिसले तर मारू नका. ते १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणले व पुढे देशभर सोडले. पावसाळ्यात ते हे गवत खातात, थंडीत जमिनीत दडून बसतात. जागा मोकळी झाली की तिथे टाकळा पेरावा. हिवाळ्यात त्याच्या शेंगा गोळा करून ठेवायच्या आणि पावसाआधी टाकायच्या. टाकळा गाजरगवताला वर येऊ देत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती वेगळीच.

आता कोणी काढायचे? जागा पालिकेची, रेल्वेची वा ग्रामपंचायतीची असेल तर काम त्यांचे. आमच्या भागातील स्थानिक संस्थेने एके वर्षी ऑक्टोबरात, गवत फुलून पांढरेफेक झालेले असताना, ठेक्यावरील बायकांना ते काढायला लावले. मोजे नाहीत, मास्क नाही. चौघींच्या हाताला-मानेला फोड आले, एकीला श्वास लागला. ऑक्टोबरच का? तर मंजुरी तेव्हा आली. वीस वर्षे फायली हलवल्यावर एवढे समजले आहे, की जुलैत काम हवे असेल तर कागद एप्रिलमध्ये आत गेला पाहिजे. अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश या तीन पायऱ्यांना तेवढे महिने लागतातच. पुढच्या वर्षी महिला मंडळाने एप्रिलमध्ये अर्ज दिला, काम जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाले आणि मोजेही मिळाले. मास्क अजून मिळायचे आहेत.

अर्ज एका पानाचाच असावा. जागा कोणती, कोणत्या नाल्यापासून कोणत्या शाळेपर्यंत, किती घरे, त्रास होणारी मुले किती, हे आकड्यांत लिहावे. 'फुले येण्यापूर्वी, जुलै १५ च्या आत' हे शब्द अधोरेखित करावेत. 'कामगारांस रबरी मोजे, मास्क व बूट पुरवावेत' ही ओळ स्वतंत्र टाकावी. दोन प्रती काढाव्यात, एक आत द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का मारून घ्यावा आणि विहारातील कपाटात जपून ठेवावी. शिक्का मारायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज पोच-पावतीसह टपालाने पाठवावा. मे महिन्यात एकदा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा, दोन-तीन भगिनींनी मिळून त्याच क्रमांकाची चौकशी करून यावे. आमच्या मंडळाचा यंदाचा अर्ज तयार आहे, ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी रविवारी विहारात येऊन उतरवून घ्यावा.